‘द फ्लॅश’ : टोमॅटोचा डबा आणि विश्वांची गर्दी

‘द फ्लॅश’ या चित्रपटाची सगळी गोष्ट टोमॅटोच्या एका डब्यावर उभी आहे. बॅरी ॲलन, म्हणजे पुढे विजेच्या वेगाने धावणारा सुपरहिरो फ्लॅश, लहान असताना त्याची आई नोरा स्वयंपाकाला लागते आणि टोमॅटोचा डबा आणायचा राहिला हे तिच्या लक्षात येते. ती नवऱ्याला, म्हणजे हेन्रीला, दुकानात पाठवते आणि तो परत येईपर्यंत घरात शिरलेल्या कुणीतरी तिचा खून केलेला असतो. आळ हेन्रीवरच येतो. दुकानातल्या सीसीटीव्हीत तो दिसतो, परंतु त्याने एकदाही मान वर न केल्यामुळे चेहरा ओळखू येत नाही आणि त्याच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा कुचकामी ठरतो. आपल्याकडे टोमॅटो डब्यातून कुणी आणत नाही, पण फोडणी पडल्यावर कोथिंबीर संपल्याचे आठवून आईने ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळले नाही असे पोर कोल्हापुरात सापडणार नाही. त्यामुळे हा डबा पाहताक्षणी आपला वाटतो. इतक्या क्षुल्लक वस्तूला इतके मोठे दुःख बांधून ठेवायला लेखकाच्या अंगी धाडस लागते. पुढच्या दोन तासांत हीच पटकथा त्या दुःखाची जी वाट लावते, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

चित्रपट भारतात १५ जून २०२३ रोजी आला आणि दुसऱ्याच दिवशी ‘आदिपुरुष’ आला, त्यामुळे आम्हाला मिळाला तो खेळ रात्री उशिराचा होता. त्या वर्षी पाऊस लांबला होता, मृग कोरडाच चालला होता, आणि काही मंडळी केवळ अडीच तास थंडाव्यात बसायला मिळेल म्हणून आली असावीत अशी मला दाट शंका आहे. दहावीतल्या भाच्याबरोबर मी तो हिंदीत पाहिला आणि अलीकडे घरी मूळ इंग्रजीत पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी झालेल्या चिडचिडीचे नेमके कारण दुसऱ्या वेळी सापडले.

दिग्दर्शक अँडी मुशिएट्टी हे भयपटांसाठी ओळखले जातात, परंतु इथे त्यांचा हात विनोदावर आणि घरगुती प्रसंगांवर अधिक चांगला बसला आहे. आरंभी बॅटमनच्या गॉथम शहरातील रुग्णालयाची इमारत कोसळते आणि वरच्या मजल्यावरून नवजात अर्भके खाली पडू लागतात. वेळ जवळजवळ थांबलेली असताना भुकेने व्याकूळ झालेला बॅरी आधी हवेत तरंगणारा खाऊ तोंडात कोंबतो आणि मग एकेका बाळाला वाचवतो. एका बाळाला तर तो चक्क मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो. प्रसंग चहाटळ आहे, पण वेगाने धावणाऱ्या माणसाला जग कसे दिसत असेल याची त्यात कल्पकता आहे. वडिलांच्या अपिलाची सुनावणी तोंडावर आलेली असते. ब्रूस वेन, म्हणजे बेन ॲफ्लेकचा बॅटमन, त्या चित्रफितीची प्रत सुधारून देतो, तरीही चेहरा दिसत नाही तो नाहीच. हताश होऊन धावताना बॅरीला कळते की आपण प्रकाशाहून वेगाने पळालो तर भूतकाळात जाऊ शकतो. स्वतःचे आईवडील डोळ्यांदेखत गमावलेला ब्रूस त्याला तसे न करण्याचा सल्ला देतो, आणि हा सल्ला ॲफ्लेक यांनी इतक्या थकलेल्या आवाजात दिला आहे की त्यामागचे एक संपूर्ण आयुष्य ऐकू येते. बॅरी अर्थातच ऐकत नाही. तो मागे जातो, आईच्या खरेदीच्या गाडीत तो डबा ठेवतो आणि निघतो. कुणाशी मारामारी नाही, स्फोट नाही.

परतताना तो चुकून २०१३ मध्ये येऊन पडतो. तिथे आई जिवंत आहे, वडील घरी आहेत, आणि आईच्या सावलीत वाढलेला अठरा वर्षांचा दुसरा बॅरीही आहे. एझ्रा मिलर यांनी हे दोन्ही बॅरी उभे केले आहेत. अभिनेत्याच्या खासगी आयुष्यातील प्रकरणांमुळे हा चित्रपट त्या काळात बराच वादात होता, परंतु पडद्यावरचे काम प्रामाणिकपणे पाहिले तर ते अवघड आहे आणि चोख आहे. थोरला बॅरी दुःखाने पोक्त झालेला. धाकटा खिदळणारा, आळशी, ज्याला दुःख म्हणजे काय याची ओळखच नाही असा. धाकट्याची बडबड असह्य झालेल्या थोरल्याला हळूहळू उमगते की आपल्या वाट्याला आई आली असती तर आपणही असेच झालो असतो. आईला मिठी मारतानाचे त्याचे अवघडलेपण, जेवणाच्या टेबलावर तिच्याकडे चोरून पाहणे, हे सारे मारिबेल व्हर्दू यांच्या उबदार वावरामुळे खरे वाटते. चित्रपट इथे संपला असता तर तो सुपरहिरोपटांतील एक हृद्य चित्रपट ठरला असता.

इथून पुढे मात्र मल्टिव्हर्स, म्हणजे अनेक समांतर विश्वांचा खेळ, सुरू होते.

मायकेल कीटन यांनी १९८९ आणि १९९२ च्या चित्रपटांत साकारलेला बॅटमन या दुसऱ्या जगात राहतो. ॲफ्लेकच्या जागी कीटन कसा, हा प्रश्न बॅरीइतकाच आपल्यालाही पडतो. कीटनचा ब्रूस त्याचे उत्तर स्पॅगेटीने देतो: काळ ही एक सरळ काडी आहे, मागे जाऊन तिला धक्का दिला की पुढचे तर बदलतेच, पण मागचेही बदलते, आणि असे अनेकदा झाले की शिजलेल्या स्पॅगेटीसारखा सगळा गुंता होतो. प्रसंग गमतीदार आहे, कीटन यांनी तो शेवया वळणाऱ्या गृहिणीच्या सराईतपणे केला आहे, आणि प्रेक्षक हसतात. परंतु या हशाखाली चित्रपटाने दोन वेगवेगळी गणिते एकत्र करून टाकली आहेत. काळप्रवासाच्या गणितात जग एकच असते. तुम्ही डबा ठेवला तर आई जगते, डबा काढला तर आई मरते, आणि दोन्हींचा हिशेब तुमच्याच डोक्यावर बसतो. मल्टिव्हर्सच्या गणितात अनेक जगे शेजारी शेजारी नांदत असतात. एका जगात आई गेली तरी दुसऱ्यात ती टेबलावर ताटे मांडत असते, आणि तुम्ही फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेलेले असता. पहिल्या गणितात शोकांतिका संभवते, दुसऱ्यात फार तर विरह. चित्रपटाला दुःख पहिल्या गणिताचे हवे आहे आणि पाहुणे कलाकार दुसऱ्या गणिताचे.

मध्यंतरानंतर भाच्याने माझ्या कानाशी येऊन विचारले, “मामा, ह्यानं डबा परत काढला तर ती दुसऱ्या जगातली आई मरणार, का तिकडंच राहणार?” मी त्याला गप्प बसवले, पण तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हते आणि दुसऱ्यांदा पाहिल्यावरही नाही. शेवटी बॅरी त्याच दुकानात पुन्हा जातो. आई त्याला ओळखत नाही, पण या अनोळखी तरुणाचे डोळे भरून आल्याचे तिच्या लक्षात येते आणि ती त्याची मायेने विचारपूस करते. मग तो तिच्या गाडीतून डबा उचलतो. मी जेव्हा जेव्हा हा प्रसंग पाहिला तेव्हा घसा दाटून आला, हे कबूल केले पाहिजे. जग एकच असेल तर मुलगा इथे स्वतःच्या हाताने आईला मृत्यूच्या स्वाधीन करतो आहे. जगे अनेक असतील तर ती आई, तो धाकट्याला वाढवणारा बाप आणि ते सारे जग शत्रूच्या हाती नष्ट व्हायला मागे सोडून हा आपल्या घरी निघाला आहे, आणि त्याबद्दल कुणी एक शब्दही बोलत नाही. या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीसाठी रडायचे, हे ठरवण्याची जबाबदारी पटकथेची होती.

मधल्या तासाभरात या गोंधळाची किंमत चुकवावी लागते. ‘मॅन ऑफ स्टील’ या २०१३ च्या चित्रपटातील सुपरमॅनचा शत्रू जनरल झॉड इथे पुन्हा पृथ्वीवर चालून येतो. मायकेल शॅनन यांच्यासारख्या ताकदीच्या नटाला डोळे वटारण्यापलीकडे काम नाही, कारण झॉडच्या या स्वारीशी बॅरीच्या दुःखाचा काडीचाही संबंध नाही. त्याच्याशी लढण्यासाठी कारा, म्हणजे सुपरगर्ल, हिला सायबेरियातील तुरुंगातून सोडवून आणले जाते. साशा कॅले यांच्या चेहऱ्यावर एक करडा, दुखावलेला निर्धार आहे आणि त्यांच्यावर स्वतंत्र चित्रपट बेतता आला असता. इथे त्यांना मोजकी वाक्ये बोलून मरायचे आहे. मग त्या एकदाच मरत नाहीत. कारा मरते, बॅटमन मरतो. धाकटा बॅरी काळ मागे फिरवतो, पुन्हा कारा मरते, पुन्हा बॅटमन मरतो. पुन्हा मागे, पुन्हा तेच. काही गोष्टी कितीही प्रयत्न केले तरी टळत नाहीत हे दाखवण्याचा हेतू चांगला आहे, पण प्रत्यक्षात होते ते उलटेच. पहिल्या मृत्यूला प्रेक्षागृहात शांतता होती, तिसऱ्याला मागच्या रांगेत मोबाइलचे पडदे उजळले. खासबागेत कुस्ती बघणारा माणूस निकालासाठी बसलेला असतो. चितपट झालेल्या मल्लाच्या जागी दुसऱ्या विश्वातला तोच मल्ल अंगाला माती लावून उभा राहणार असेल, तर पाठ टेकली याला अर्थ काय?

कीटन यांच्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पाहुणा कलाकार आणि पात्र यांतला फरक त्यांच्यामुळे नीट कळतो. सत्तरी ओलांडलेला, केस वाढवून ओसाड वाड्यात एकटाच राहणारा हा ब्रूस वेन पहिल्या पंधरा मिनिटांत खरे पात्र आहे. त्याचे शहर सुरक्षित झाले आहे, त्याची कुणाला गरज उरलेली नाही, आणि दोन पोरे दारात आल्यावर त्याला पुन्हा काहीतरी करण्याचे निमित्त मिळते. पुढे तो विमानात बसतो, डॅनी एल्फमन यांची जुनी धून वाजते, १९८९ ची वाक्ये तो पुन्हा म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या आपल्या आठवणींना असतात, समोर चाललेल्या गोष्टीला नव्हे.

या संदर्भात मराठी माणसाला १९२१ चे ‘संयुक्त मानापमान’ आठवल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नटश्रेष्ठ टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. केशवरावांचा धैर्यधर, बालगंधर्वांची भामिनी. प्रेक्षक लोटले ते दोन नावे एकत्र पाहण्यासाठीच, यात शंका नाही. आजच्या भाषेत तो मोठा क्रॉसओव्हर होता. परंतु रंगमंचावर आल्यावर धैर्यधराला भामिनी लागत होती आणि भामिनीला धैर्यधर. दोघांच्या स्पर्धेने नाटकातला मानापमानच अधिक रंगला. ‘द फ्लॅश’मध्ये एकत्र आलेल्यांना एकमेकांची अशी गरज नाही. बॅटमनच्या जागी दुसरा कोणताही श्रीमंत माणूस विमान घेऊन आला असता तरी पटकथेत फारसे काही बिघडले नसते.

याचा कळस होतो तो विश्वे एकमेकांवर आदळू लागतात त्या प्रसंगात. प्रचंड गोळे आकाशात तरंगतात आणि प्रत्येकात एकेक जुना नायक दिसतो: कृष्णधवल सुपरमॅन जॉर्ज रीव्ह्ज, दूरचित्रवाणीवरचे बॅटमन ॲडम वेस्ट, सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह आणि त्यांच्याजवळ सुपरगर्ल हेलन स्लेटर, आणि कधीच न बनलेल्या एका सुपरमॅनपटातील निकोलस केज, महाकाय कोळ्याशी झुंजताना. जॉर्ज रीव्ह्ज १९५९ मध्ये वारले, ख्रिस्तोफर रीव्ह २००४ मध्ये, ॲडम वेस्ट २०१७ मध्ये. मेलेल्या माणसाला परत आणण्याचा हट्ट सोडला पाहिजे हे जो चित्रपट बॅरीला अडीच तास शिकवतो, तो स्वतः मात्र मृत नटांचे मेणासारखे चेहरे संगणकावर घडवून त्यांना क्षणभर नजर फिरवायला लावतो. या दृश्यांतील ओबडधोबडपणा हा बॅरीच्या नजरेतून दिसणारा विपर्यास आहे असे दिग्दर्शकांनी सांगितले आहे. मला तो विपर्यास कमी आणि घाई अधिक वाटली. पण समजा चेहरे हुबेहूब असते तरी आक्षेप तसाच राहिला असता, कारण त्या क्षणी बॅरीचे काय होते आहे हे आपण पूर्ण विसरतो आणि पडद्यावर कोण कोण ओळखू येते याची शर्यत सुरू होते.

गंमत अशी की या धोक्याची जाणीव मूळ कॉमिक्सच्या प्रकाशकांना फार पूर्वी झाली होती. डीसी कॉमिक्समध्ये अनेक पृथ्वींची कल्पना रुजली तीच मुळी फ्लॅशच्या कॉमिकमधून. १९६१ च्या १२३ व्या अंकात बॅरी ॲलनची दुसऱ्या पृथ्वीवरील जुन्या फ्लॅशशी भेट झाली. पुढच्या दोन दशकांत पृथ्वी इतक्या झाल्या की नवीन वाचकाला काही समजेना, तेव्हा १९८५ साली बारा अंकांची एक मालिका काढून ती सारी विश्वे मोडीत काढण्यात आली. त्या मोडतोडीत बॅरी ॲलनने स्वतःचा जीव दिला आणि कॉमिकच्या जगात तो पुढची वीसहून अधिक वर्षे मेलेलाच राहिला. मल्टिव्हर्स आवरायला त्यांना नायकाचा खराखुरा मृत्यू लागला, ही गोष्ट या चित्रपटाच्या निर्मात्यांनी विसरायला नको होती.

चित्रपटाचा प्रत्यक्ष आधार असलेली २०११ ची ‘फ्लॅशपॉइंट’ ही कॉमिक मालिका तर या बाबतीत कितीतरी शहाणी आहे. त्यातही बॅरी आईला वाचवतो आणि जग बदलते, पण बदललेल्या जगातला बॅटमन ब्रूस नसून त्याचा बाप थॉमस वेन आहे. गल्लीतल्या त्या रात्री तिथे आईबापांऐवजी पोरगा मेला होता. शेवटी सारे पूर्ववत करताना थॉमस आपल्या मुलासाठी एक चिठ्ठी देतो, आणि बॅरी ती मूळ जगातल्या ब्रूसच्या हातात ठेवतो. मेलेल्या बापाचे अक्षर पाहून बॅटमन रडतो. दुसरे जग इथेही आहे, पण त्यातून बॅरी जे घेऊन येतो ते एक पत्र आहे आणि ते ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच मिळते. चित्रपटाने हा बाप काढून टाकला आणि त्याच्या जागी आपल्या लहानपणीचा बॅटमन बसवला.

कुणी म्हणेल की मृत्यू माघारी घेणे आपल्याला नवे नाही, आपल्या पुराणकथा त्यावरच तर चालतात. हे खरे आहे. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच असताना तिने ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. तिथेही शेवटी गेलेले सारे परत मिळते. परंतु देव प्रसन्न होण्याआधी राजा डोंबाघरी राबलेला असतो, पोराच्या प्रेतापाशी बसलेल्या तारामतीकडे त्याने स्मशानाचा कर मागितलेला असतो आणि तिच्यावर शस्त्र उगारलेले असते. किंमत पुरती वसूल झाल्यावरच दान पदरात पडते. बॅरीकडून मात्र काहीच वसूल होत नाही. डबा काढून आईला निरोप दिल्यावर तो जाता जाता दुकानातले डबे सर्वांत वरच्या फळीवर ठेवून येतो. त्यामुळे डबा घेताना वडील मान वर करतात, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो आणि न्यायालयात ते निर्दोष सुटतात. भूतकाळाला हात लावू नये हे शिकायला एक जग खर्ची पडले, आणि धडा संपल्याक्षणी विद्यार्थ्याने पुन्हा तिथेच हात घातला. ही युक्ती म्हणून सुरेख आहे, टाळ्याही पडल्या. तिचे जे परिणाम व्हायला हवेत, त्याऐवजी आपल्याला मिळतो तो विनोद: न्यायालयाबाहेर ब्रूस वेनची गाडी थांबते आणि तीतून एकेकाळी बॅटमन साकारलेले जॉर्ज क्लूनी उतरतात. बॅरी चक्रावतो, आपण हसतो, आणि आईच्या निरोपाची ओल त्या हशात सुकून जाते.

डीसीच्या चित्रपटांच्या निर्मितीसंस्थेची सूत्रे २०२२ च्या अखेरीस जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे गेली होती आणि सारे विश्व नव्याने मांडायचे ठरले होते, त्यामुळे या विनोदाला पुढे कुठली वाटही उरली नव्हती. दोष सगळा मल्टिव्हर्स या कल्पनेचा आहे असे मी म्हणणार नाही. याच्या दोनच आठवडे आधी ‘स्पायडर-मॅन : ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनपट आपल्याकडे मराठीसह अनेक भाषांत आला होता, आणि त्यातही मुलाने बापाचा मृत्यू अटळ म्हणून स्वीकारावा की नाही हाच प्रश्न होता. तिथे शेकडो स्पायडर-मॅन एकत्र येतात ते त्या एका पोराला ‘स्वीकार’ असे सांगायला, आणि तो नाही म्हणून पळत सुटतो. गर्दी तिथेही आहे, पण ती त्याच्या मागे लागलेली आहे.

ज्यांना हा चित्रपट पाहायचाच आहे त्यांनी तो इंग्रजीत पाहावा. मी पाहिलेल्या हिंदी आवृत्तीत दोन्ही बॅरींचे आवाज इतके सारखे वाटतात की मिलर यांनी केलेली निम्मी मेहनत वाया जाते, आणि विनोदांना बंबइया वळण दिल्याने धाकटा बॅरी टवाळ वाटण्याऐवजी टपोरी वाटतो. बेंजामिन वॉलफिश यांचे संगीत आईच्या प्रसंगांत संयत आहे, लढाईत नुसते मोठे आहे. लांबी १४४ मिनिटांची असून झॉडचा सगळा भाग वगळला तर ती दोन तासांच्या आत आली असती. मुलांना दाखवायला हरकत नाही, फक्त आईच्या प्रसंगानंतर प्रश्नांची तयारी ठेवावी. श्रेयनामावली संपल्यावर आणखी एक दृश्य आहे, ज्यात बॅरी समुद्राचा सुपरहिरो ॲक्वामॅन याला ठिकठिकाणचे बॅटमन कसे वेगळे होते हे समजावू पाहतो आणि तो दारूच्या नशेत डबक्यात आडवा होतो. त्यासाठी थांबण्यापेक्षा गर्दी होण्याआधी पार्किंगमधून गाडी काढलेली बरी.